तिवईवरून उठणार नाही

मण्याचं पत्र आलं ते मंगळवारी सकाळी, आणि नेमकं नको त्या वेळी. छटाक पडद्यामागे तिवईवर बसली होती. चिमट्यात तांदळाच्या कणीएवढं पितळी वजन धरून, श्वास रोखून, ते पारड्यात ठेवत होती. तेवढ्यात पोस्टमनने दारातून "सैन्यातलं पत्र!" अशी आरोळी ठोकली आणि वजन टुणकन उडून गेलं फळ्यांच्या फटीत. आता औषधवाल्याचं ते वजन शोधायला अर्धा तास गुडघ्यांवर रांगणं आलं. "मेल्याला गळा दिलाय की भोंगा," असं पुटपुटत ती खाली वाकली, पण कान सगळे बाहेर लागलेले.

छटाक हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा इतकीशी होती की वजनकाटे दुरुस्त करणारा तिचा बाप तिला तळहातावर घेऊन म्हणाला, "अगं, ही तर छटाकभर आहे!" ते जे चिकटलं ते तेहेतिसाव्या वर्षापर्यंत. पाच वर्षांनी भाऊ झाला, तो असा दणदणीत की बाप म्हणाला, हा मणाचा आहे. मणाचा मण्या झाला. त्या घरात धंद्याबाहेरचं काही कुणाला सुचायचंच नाही, त्याला काय करणार!

तर हा मण्या सहा वर्षांपूर्वी सैन्यात गेला. मुदत संपत आली होती. आता छावणीत बसून सुटकेच्या कागदांची वाट बघायची आणि कागद हातात पडले की घरी यायचं, एवढंच राहिलं होतं. आईने त्याच्या खोलीतल्या गाद्यांना तीनदा ऊन दाखवून झालं होतं.

पत्र बाबांनी फोडलं. हात लांब करून, डोळे बारीक करून वाचायला लागले. कागद थरथरत होता म्हणून तो त्यांनी गल्ल्यावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. अक्षर कसंतरी तिरपं होतं. गेल्या चार महिन्यांपासून मण्याची पत्रं अशीच तिरपी आणि आखूड येत होती. "खाटेवर लोळून लिहीत असेल, आळशी मेला," असं छटाक म्हणायची.

पत्रात होतं ते असं: "घरी सगळं उत्तम चाललंय हे वाचून बरं वाटतं. बाबांचा हात अजून तसाच पक्का आहे, दुकान जोरात आहे, आईचे गुडघे बरे आहेत, छप्परही नवं झालं. मग मी येऊन करू तरी काय? एका तिवईवर दोन माणसं बसत नाहीत. आमचे साहेब म्हणतात, आणखी पाच वर्षांची सही कर, कोठारात बसून करायचं काम देतो. वीस तारखेला कागद पुढे जातील. तुमचं काही म्हणणं असेल तर त्याच्या आत कळवा. नसेल तर सही करतो."

आई मटकन खुर्चीत बसली. "पाच वर्षं? अहो, तो मला ओळखेल तरी का पाच वर्षांनी?"

"त्याचं बरोबर आहे," बाबा म्हणाले. पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, हे छटाकने पडद्याच्या कडेतून बघितलं.

आता बघा गंमत. त्या पत्रातली घरची एकेक बातमी याच घरातून गेलेली आणि एकेक बातमी खोटी! म्हणजे अगदी खोटी नव्हे, पण झिलई केलेली. त्यांच्याकडे पत्र लिहायची रीतच तशी होती. रविवारी जेवणं झाली की टेबल पुसायचं आणि एकच कागद फिरवायचा. आधी आईने लिहायचं, मग बाबांनी, मग छटाकने, आणि प्रत्येकाने आधीचं वाचूनच पुढे लिहायचं. वेगळं, चोरून पत्र कुणी पाठवायचं नाही. आणि आईचा दंडक होता: "तो तिकडे बंदूक धरून उभा असतो. घरची रडगाणी त्याला ऐकवायची नाहीत. जे चांगलं तेच लिहायचं." त्यामुळे छप्पर गळून गादी कुजली तेव्हा पत्रात गेलं की छपराचं काम झालं. आई पायरीवरून घसरून तीन आठवडे अंथरुणात पडली तेव्हा गेलं की आई हल्ली विश्रांती घेते. एकाने फुंकर घालायची, दुसऱ्याने त्यात रंग भरायचा. सहा वर्षांत त्या कागदावर असं एक सुखी घर उभं राहिलं होतं की त्यात राहायला छटाकलासुद्धा आवडलं असतं.

आणि सगळ्यांत मोठी थाप होती बाबांच्या हाताची. वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाचा कप, मग कानस, मग चिमटा. काट्याच्या दांडीच्या मधोमध एक पोलादी पातं असतं, दांडी त्याच्या धारेवर तोललेली असते. ती धार केसभर जरी बोथट झाली तरी काटा खोटं बोलतो. ती घासून सरळ करायला कापरा हात काय कामाचा? एकदा बाबांनी एका सोनाराच्या काट्याची दांडी बिघडवली आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतात तर दांडी दुरुस्त होऊन टेबलावर. छटाकने केली होती. बाबांनी ती तीनदा तपासली, एक अवाक्षर काढलं नाही, आणि संध्याकाळी गल्ला आणि कामाची खोली यांच्यामध्ये एक जाड पडदा लावला.

तेव्हापासून हे नाटक चालू होतं. बाबा पुढे उभे राहायचे, गिऱ्हाईकाकडून काटा घ्यायचे, "आतून करून देतो" म्हणायचे आणि पडद्याआड देऊन यायचे. आत छटाक. परवाच औषधवाला म्हणाला होता, "काका, वय वाढतंय तसा तुमचा हात सुधारतोच आहे हो! काय खाता काय?" बाबांनी हसून घेतलं. पण त्या दिवशी जेवले नाहीत.

पत्रातसुद्धा बाबांच्या ओळी वर्षभर छटाकच लिहीत होती. "चष्मा सापडत नाहीये, तू लिही मी सांगतो," म्हणायचे. दर रविवारी बरा हरवायचा चष्मा!

"सगळं ठीक आहे असं लिही," बाबांनी त्या मंगळवारी सांगितलं. "आणि लिही, तुझ्या मनाप्रमाणे कर."

"नाही लिहिणार," छटाक म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. त्याला वाटतंय इथे त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. आपणच वाटायला लावलंय. या खेपेला खरं लिहायचं. छप्पर, आईची पायरी, तुमचा हात, सगळं."

"माझ्या हाताबद्दल एक अक्षर जाता कामा नये!" बाबांनी गल्ल्यावर हात आपटला. हात आपटल्यावरही थांबेना, तो थरथरतच राहिला. मग त्यांनी तो खिशात घातला. "चाळीस वर्षं या गावातली वजनं माझ्या हाताने खरी झाली आहेत. पोराच्या नजरेत तरी तो हात राहू दे."

छटाक आत गेली. पण एकदा मनात घेतलं की सोडायची नाही, ही त्या पोरीची खोड जुनी होती. मनात तिने दिवस मोजले. टपालाला सहा-सात दिवस लागतात. गुरुवारी दुपारच्या थैलीत पत्र पडलं तर पोचेल, नाहीतर गेलं कामातून.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बटाटे सोलताना आईने हळूच विषय काढला. "हे बघ, मी एक सुचवू का? बाबांचा हात गेलाय असं लिहू आपण, मी त्यांना समजावते. आणि लिहू की तिवई रिकामी पडलीये, तुझी वाट बघतेय. तो धावत येईल."

"रिकामी?" छटाकचा हात थांबला. "आणि मी काय तिथे माशा मारत बसते?"

"अगं, तसं नाही म्हणत मी. तुझं फक्त लिहायचं नाही. एकदा आला की बघता येईल. शेवटी काम त्याचंच ना? बाबांनी शिकवलं त्याला."

छटाकने सुरी खाली ठेवली. आईचं म्हणणं पक्कं होतं, हीच तर अडचण होती. मण्या जबाबदार होता, तिवई रिकामी आहे म्हटलं की एका पायावर येईल. त्यासाठी तिने फक्त स्वतःला पुसून टाकायचं होतं.

बुधवारी दिवसभर ती काम करत होती आणि मनात तेच घोळत होतं. बाबांनी मण्याला शिकवलं हे खरं. बारा वर्षं मण्या या तिवईवर बसायचा, बाबा शेजारी उभे, आणि छटाक? छटाक दिवा धरून. खिडकी उत्तरेला, दुपारनंतर उजेड कमी, म्हणून कुणीतरी दिवा धरावा लागायचा, आणि त्या घरात ते कुणीतरी म्हणजे कायम छटाकच असायची. "डावीकडे घे. वर. सावली पडतेय, झोपलीस का?" मण्या जांभया द्यायचा, कानस आदळायचा, पळून जायचा. ती मात्र बघत राहायची. पातं कुठे घासायचं, कुठे थांबायचं, काटा कधी खरं बोलतो, सगळं तिने दिव्यामागून टिपलं. कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मण्या सैन्यात गेल्यावर पाच वर्षं तिने गोण्या शिवायच्या कारखान्यात काढली, तिथल्या सुयांनी बोटं फोडून घेतली. आणि मग बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा त्या तिवईवर बसली आणि दोन्ही पारडी एका रेषेत आलेली बघितली, तेव्हा तिला रडू आलं होतं. ते सुख सोडायचं? भावासाठी सोडलंही असतं. पण भावाला थाप मारून आणायचं आणि आपण परत दिवा धरायचा, हे काही तिच्या गळ्याखाली उतरेना.

"मला तो हवाय," ती पडद्याला उद्देशून म्हणाली. "तिवईसाठी नकोय. नुसता हवाय."

गुरुवारी सकाळी बाबा दुकानात आले तर पडदा जाग्यावर नाही. मागच्या अंगणात टबात भिजत घातलेला.

"हे काय?"

"मळला होता. धुवायला काढला."

"आजच?"

"एक वर्ष झालं लावून. मळणार नाही तर काय!"

बाबांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ते पुढे काही बोलणार तोच औषधवाला दारात हजर. आपला काटा न्यायला आला होता. आणि समोर काय बघतो? काका गल्ल्यापाशी खिशात हात घालून उभे आणि मागे उघड्यावर, खिडकीच्या उजेडात, काकांची मुलगी तिवईवर बसून त्याच्याच काट्याच्या पारड्यात चिमट्याने वजन ठेवतेय. तिने मान वर केली नाही. हात हलू दिला नाही. वजन ठेवलं, काटा डोलला, डोलला आणि मधल्या खुणेवर येऊन उभा राहिला.

औषधवाल्याने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा काकांकडे. "म्हणजे," तो म्हणाला, "वर्षभर मी तुमच्या खाण्यापिण्याची चौकशी करत होतो ती उगाचच?"

आता बाबा उसळणार, असं छटाकला वाटलं. बाबांनी खिशातून हात काढला. कापणारा हात सगळ्यांसमोर गल्ल्यावर ठेवला. "माझा हात गेला," ते म्हणाले. "हा हात तिचा आहे. आणि खरं सांगू का? धार लावण्यात ती माझ्यापेक्षा सरस आहे. मला हे कबूल करायला वर्ष लागलं, त्याची लाज वाटते."

"मग माझे सगळे काटे यापुढे तिच्याकडेच," औषधवाला म्हणाला. काटा पेटीत घालून घेतला आणि शहाण्या माणसासारखा काढता पाय घेतला.

छटाकच्या डोळ्यांना धार लागली. आजवर बाबांनी कुणाला सरस म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. बाबा मात्र खोलीत आले आणि जरा खेकसूनच म्हणाले, "रडतेस काय? दुपारचं टपाल जाईल. कागद आण. आणि तुझ्या आईला हाक मार."

रविवार नव्हता, जेवण झालं नव्हतं, टेबलावर पितळेचा कीस पडलेला, पण कागद फिरला. आईने लिहिलं: "मी पायरीवरून पडले होते. गुडघा अजून दुखतो. छप्पर दोन ठिकाणी गळतं. तुझी फार आठवण येते." मग पेन बाबांकडे. छटाकने लिहून घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. स्वतः लिहिलं. एका ओळीला पाव तास लागला. अक्षरं मुंग्या चालल्यासारखी वर-खाली गेली: "हा माझा हात असा झाला आहे. बघ आणि मग ठरव. बाबा."

उरल्या जागेत छटाकने लिहिलं:

"मण्या, बाबांची ओळ नीट बघ. वर्षभर काटे मी करतेय. आई म्हणते, तिवई रिकामी आहे असं लिहिलं तर तू येशील. पण ती रिकामी नाही. मी बसलेय तिच्यावर आणि तू आलास तरी मी उठणार नाही, आताच सांगून ठेवते. तुझ्यासाठी इथे काम काढून ठेवलेलं नाही. आपण मिळून शोधू. पण कामासाठी नाही, तू आमचा आहेस म्हणून ये. तुझ्यावाचून घर घर वाटत नाही. सहा वर्षं आम्ही हे लिहिलं नाही, हा आमचा मूर्खपणा. सही करू नकोस. ताई."

पाकीट घेऊन ती स्वतः टपालात टाकायला पळत गेली, ॲप्रन न काढता. पेटीत टाकल्यावर मात्र तिचा धीर सुटला. 'उठणार नाही' हे इतकं तोडून लिहायची काय गरज होती? तो म्हणेल, राहा तुम्ही आणि तुमची तिवई. आईनेही ती ओळ वाचून तोंड फिरवलं होतं. पण गेलेलं पत्र काही परत येत नाही.

वीस तारीख आली आणि गेली. एकवीस, बावीस, पंचवीस. आईने गादीला ऊन दाखवायचं सोडून दिलं होतं. छटाक काम करत राहिली. दुसरं हातात तरी काय होतं? पडदा धुऊन, वाळवून, घडी करून फळीवर ठेवला होता. तो परत लावायची गोष्ट कुणी काढली नाही.

सत्तावीसला पोस्टमनने परत तीच आरोळी ठोकली. या खेपेला छटाकने वजन नीट पेटीत ठेवलं, मगच उठली. तिरपं अक्षर. पण पत्र लांब होतं.

"ताई," त्याने लिहिलं होतं, "तुम्ही खरं लिहिलंत, आता मीही लिहितो. चार महिन्यांपूर्वी ट्रकच्या मागच्या फळीत सापडून माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचीच. म्हणून डाव्या हाताने लिहितोय. तुम्हाला रडगाणं कसं ऐकवायचं, तिकडे सगळे इतके सुखात! आणि घरी यायचं म्हणजे तिवईवर बसायचं. या हाताने मी चिमटा कसा धरणार, बाबांना कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून सही करणार होतो. कागदावर पेन टेकवलं होतं, तेव्हा तुमचं पत्र आलं. 'मी उठणार नाही' ही तुझी ओळ मी दहा वेळा वाचली. सहा वर्षांत घरून इतकं चांगलं काही आलं नव्हतं. सही केली नाही. तीन तारखेला पोचतो."

बाबांनी ते पत्र आपल्या कापऱ्या हाताने कितीतरी वेळ धरून ठेवलं होतं. या खेपेला गल्ल्यावर दाबलं नाही. आई एकीकडे रडत होती आणि एकीकडे गादी ओढत उन्हात नेत होती. "दोन बोटं गेली आणि कोठारात बसायला निघाला होता, गाढव! येऊ दे, बघतेच त्याला," असं म्हणता म्हणता छटाकला हुंदका आवरेना.

तीन तारखेला तो आला. दणदणीत होता तो अर्धा उरला होता. आईने गालावर एक चापट मारली आणि मग सोडेचना. बाबांनी त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. एक कापणारा आणि एक तीन बोटांचा. "छान," बाबा म्हणाले, "दोघांचा मिळून एक धड होत नाही." आणि दोघं हसले.

छटाकच्या टेबलावर सोनाराचा काटा पडला होता, संध्याकाळपर्यंत द्यायचा कबूल केलेला. भाऊ आला तरी सोनार काही थांबणार नव्हता. चहा पिऊन ती तिवईवर बसली. तिसरा प्रहर, खिडकीतला उजेड गेलेला. तिने सवयीने दिव्याकडे हात केला, तर दिवा जाग्यावर नव्हता.

मण्या दिवा घेऊन तिच्या मागे उभा होता, डाव्या हातात घट्ट धरून.

"ताई, कुठे धरू?"

कानस उचलत ती म्हणाली, "डावीकडे घे. थोडा वर. सावली पडतेय."